पाचपट उंचीचा पाडा

मित्रांनो, मी एक जुना पाडा आहे. माझ्यात टेकडी आहे, ओहोळ आहे, ताडाची झाडे आहेत, घरे आहेत. माणूस मात्र एकही नाही. दोन हात लांब आणि दीड हात रुंद अशा सागाच्या फळीवर मी वसलो आहे. तलासरीचा हमरस्ता सोडून आत आलात की वसतिगृहाची एक शाळा लागते. तिच्या मागच्या खोलीत, कुदळी-फावड्यांच्या शेजारी, सध्या माझा मुक्काम असतो. शाळेत मला 'नमुना' म्हणतात, सरकारी माणसे 'मॉडेल' म्हणतात आणि करवंदपाड्याची माणसे 'लहान पाडा' म्हणतात. मला हे शेवटचे नाव आवडते. खरा करवंदपाडा इथून जवळच आहे आणि मी त्याच्यावरूनच घडलो आहे.

माझा जन्म महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी झाला. करवंदपाड्याच्या ओहोळावर एक बंधारा घालायचे ठरले होते. उन्हाळ्यात ओहोळ आटायचा आणि बायकांना पाण्यासाठी लांब जावे लागायचे. बंधाऱ्याचे काम बघायला रामनाथ नावाचे तरुण ओव्हरसियर आले. त्यांनी जमिनीची मापे घेतली, नकाशा काढला आणि पाड्यावरच्या माणसांपुढे तो पसरला. नकाशावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या. माणसे बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग एकेक करून उठून गेली. रामनाथ बिचारे हिरमुसले. शाळेत येऊन त्यांनी भूगोल शिकवणाऱ्या विजयमालाबाईंना विचारले, "बाई, या लोकांना कसं समजावू?"

विजयमालाबाई डहाणूच्या. घरी चिकूची वाडी, पण बाईंचा जीव शाळेत. त्या म्हणाल्या, "नकाशा नको. आपण त्यांना त्यांचा पाडाच करून दाखवू."

मग सुतारकाम शिकवणारे अण्णा कामाला लागले. नकाशावरच्या एका उंचीच्या रेघेसाठी एक पुठ्ठा, अशा हिशेबाने त्यांनी पुठ्ठे कापले आणि एकावर एक चिकटवले. त्यांवर जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा, लाकडाचा भुसा आणि सरस यांचे लिंपण केले. कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथीची पूड घातली. आजही पावसाळी हवा पडली की माझ्या अंगाला मेथीचा वास येतो. टेकडीला गेरू लावला, शेतांना हिरवा रंग दिला. ओहोळाच्या तळाला तेलरंगाचे तीन हात मारले, म्हणजे पाणी ओतले तरी मी भिजून फुगणार नाही.

पुठ्ठे चिकटवतानाच एक अडचण आली होती. ती नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. करवंदपाड्याची जमीन तशी सपाटच आहे. लांबी-रुंदी ज्या मापाने लहान केली त्याच मापाने उंची लहान केली, तर मी भाकरीसारखा दिसू लागलो. टेकडी कुठली, ओहोळ कुठला, काही कळेना. अण्णा म्हणाले, "ओव्हरसियरसाहेब, असं करून चालायचं नाही. उंची वाढवू या." रामनाथना ही रीत ठाऊकच होती. असे नमुने करणारे सगळेच तसे करतात. त्यांनी उंची पाचपट घ्यायला सांगितली. अण्णांनी पुठ्ठे जाड केले आणि माझी टेकडी एकदम रुबाबात उभी राहिली. फळीच्या कोपऱ्यात अण्णांनी पांढऱ्या रंगाने सुबक अक्षरांत लिहिले, 'उंची पाचपट'. काम चोख झाले होते. रामनाथनी मापे पुन्हा तपासली आणि एकही चूक सापडली नाही.

घरे आणि झाडे मुलांनी केली. चिंचोक्याएवढी घरे, वर गवताच्या काड्यांचे छप्पर. खराट्याच्या काडीचे ताड, त्यांना आडव्या दोन बोटांची उंची. कुणाचे घर कुठे, कुणाच्या दारात कोणते झाड, हे पाड्यावरच्या मुलांनी मला चुकू दिले नाही. ओहोळाच्या बाजूला सगळ्यांत खाली जे घर होते ते जमनाचे. जमना ही शाळेत धान्य निवडायला येणारी बाई. नवरा वारल्यावर तिने चिमी नावाच्या लेकीला एकटीने वाढवले होते. आपले घर माझ्यावर बघून तिने हळूच त्याच्या छपराला बोट लावले आणि ती लाजली.

मित्रांनो, मी देखणा होतो हे मला सांगायलाच हवे. मला पाहून कौतुक केले नाही असा माणूस त्या वर्षी झाला नाही.

मग माझी परीक्षा झाली. शाळेच्या अंगणात मला मधोमध ठेवले, भोवती पताका लावल्या, माझ्या फळीच्या कडेने झेंडूची माळ बांधली. माळेखाली अक्षरांचा तो कोपरा झाकला गेला. कुणाच्या ते ध्यानात आले नाही आणि आले असते तरी पाड्यावरच्या माणसांना कुठे वाचता येत होते? रामनाथनी माझ्या ओहोळात लाकडाचा बंधारा बसवला आणि बाईंनी तांब्याने पाणी ओतले. पाणी अडले, मागे मागे सरकत पसरले आणि थांबले. माझ्यात तळे झाले! बायकांनी "अगो बाय" म्हणत तोंडावर हात ठेवले. पोरे नाचायला लागली. मलाही त्या दिवशी फार बरे वाटले.

रामनाथ म्हणाले, "हे नेहमीचं पाणी. जोराचा पाऊस लागला की ते आणखी चढेल. म्हणून खालची पाच घरं वर न्या. जागा आम्ही देतो."

तेव्हा लाहू पुढे आला. लाहू हा जमनाचा भाऊ. ताडावर चढून ताडी काढायची हा त्याचा धंदा. पाड्यावर उंची ताडाने मोजतात; विहीर किती खोल, टेकडी किती वर, सगळे ताडातच सांगायचे. लाहूने खाली वाकून एक डोळा मिटला, पाणी पाहिले, जमनाचे घर पाहिले, घराशेजारचा काडीचा ताड पाहिला. पाण्यापासून घर आडवे एक बोट वर होते आणि ताड दोन बोटांचा होता.

"घर अर्धा ताड वर हाय," तो म्हणाला. "अर्धा ताड पाणी कधी चढंल? मंग आमी कशाला हलू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरेच तर दिसत होते! आणि तिथेच घोटाळा झाला, मित्रांनो. माझी जमीन पाचपट उंच होती आणि माझे ताड, माझी घरे साधीच होती. खऱ्या पाड्यावर जमनाचे घर पाण्यापासून एका उभ्या माणसाएवढेच वर असणार होते. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. पण मला केले होते ते दाखवण्यासाठी, बोलण्यासाठी नाही.

रामनाथना काही बोलायचे होते. पाणी किती चढेल ते त्यांनी फुटांत सांगून पाहिले. पण त्यांना भीती होती की लोक बंधाऱ्यालाच नको म्हणतील, आणि लोक तर खुशीत होते. वरचे साहेब म्हणाले, "लोकांचा आग्रह नसेल तर राहू द्या." रामनाथनीही मग फार ताणले नाही.

बंधाऱ्याचे दगड येऊ लागले. मी शाळेच्या ओसरीवर राहिलो. विजयमालाबाई माझ्यावरच मुलांना भूगोल शिकवायच्या. उतार म्हणजे काय, पाणी कुठून कुठे जाते, सगळे माझ्यावर बोट ठेवून. "ही जमनाच्या घराची चढण बघा, किती उभी आहे," असे त्या सांगायच्या आणि मुले वहीत चढण काढायची. पाड्यावरची मुलेही काढायची! रोज जिथून धावत शाळेला यायची तिथे कसली चढण नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण ओसरीवरचा भूगोल वेगळा आणि घरची वाट वेगळी, असे मुलांना फार लवकर वाटायला लागते. बाई मात्र त्या वाटेने कधी गेल्या नव्हत्या. शाळा, वसतिगृह आणि सुट्टीत डहाणू रोडला जाणारी बस, एवढेच त्यांचे जाणे-येणे होते.

उन्हाळ्यात चिमीचे लग्न ठरले. जमना शाळेत आली आणि बाईंना म्हणाली, "बाई, तू ये लग्नाला. चौक बघायला ये." पाड्यावर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात मोठे मन असते. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात, तो पाहायचे बाईंच्याही मनात होते. त्या गेल्या.

पुढचे मी त्यांच्या तोंडून ऐकले. दुसऱ्या दिवशी त्या ओसरीवर आल्या आणि त्यांनी जमनाच्या घराच्या चढणीवरून बोट फिरवले. मग अण्णांना हाक मारली.

"अण्णा, मी ओहोळ ओलांडला आणि चढण कधी लागते म्हणून पदर खोचून तयार राहिले. तेवढ्यात जमनाचं दारच आलं. मी तिला विचारलं, चढण कुठे गेली? ती हसायला लागली. म्हणाली, कसली चढण, बाई? आलीस की तू घरात."

अण्णांनी माझ्या कोपऱ्यावरची वाळकी झेंडूची माळ काढली. खाली अक्षरे तशीच होती, 'उंची पाचपट'. बाईंनी ती वाचली. त्या वर्षभर माझ्यावर शिकवत होत्या आणि ती अक्षरे त्यांनी पहिल्या दिवशी पाहिलीही होती. पण वाचलेले आणि कळलेले यांत अंतर असते. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला फार वाईट वाटले. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

रामनाथना निरोप गेला. ते आले, त्यांनी डोक्याला हात लावला. "मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. बंधारा जवळजवळ बांधून झाला होता. पाऊस महिन्याभरावर होता.

बाई आणि रामनाथ पाड्यावर गेले, पण कुणी ऐकेना. लाहू म्हणाला, "लहान पाड्यात आमी डोळ्यांनी पायलंय." आणि जमनाने तर दारच अडवले. तिच्या भिंतीवर चिमीच्या लग्नाचा चौक नुकताच लिहिला होता. कुडाची भिंत, घर उतरवायचे म्हणजे ती मोडणार. "तूच दाखवलंस ना, बाई, पाणी येत नाय म्हणून?" ती म्हणाली. "आता तूच म्हणतेस, येतं. मी कोणतं खरं धरू?"

बाई परत आल्या त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या. दुपारची शाळा भरली तरी उठल्या नाहीत. मग अचानक अण्णांना म्हणाल्या, "अण्णा, जमीन पाचपट आहे ना? मग घरंही पाचपट करा. ताडही पाचपट. रुंदी तीच ठेवा, फक्त उंची वाढवा."

अण्णांना आधी हसूच आले. पण त्यांनी केले. माझी चिंचोक्याएवढी गोजिरवाणी घरे उपटून टाकली आणि त्यांच्या जागी उंच, अरुंद, लांबटांग घरे बसवली. दोन बोटांचे ताड काढून जवळजवळ वीतभर काड्या रोवल्या. मित्रांनो, माझी दशा काय सांगू! एवढा देखणा मी, आणि आता माझ्याकडे बघून कुत्रेही भुंकले असते. मला लाज वाटत होती. त्या उंच घरांकडे बघवत नव्हते.

तलासरीच्या बाजाराच्या दिवशी पाड्यावरची माणसे शाळेवरून जातात. बाईंनी त्यांना थांबवले. मला पाहून ती पोट धरून हसली. "ही घरं कोणाची? भुतांची?" लाहूने विचारले. जमनाही हसत होती.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तांब्याने पाणी ओतले. तळे झाले आणि पहिल्यासारखेच थांबले. पण या खेपेला घरांच्या उंचीशी ताडून पाहिले तर पाणी आणि जमनाचे घर यांत अर्ध्या घराचेही अंतर नव्हते. लाहूने सवयीने एक डोळा मिटून ताड पाहिला. त्याचे हसू थांबले. मग रामनाथनी झारीने जोराचा पाऊस पाडला. बंधाऱ्यावरून पाणी वाहू लागले आणि मागे चढू लागले. चढत चढत ते जमनाच्या घराच्या उंबऱ्याला लागले.

जमना पुढे आली आणि तिने त्या घराकडे बोट दाखवले. "हे माझं?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मंग आधी का नाय दाखवलंस?"

बाईंनी तांब्या खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. जमनाने ते पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

पाच घरे पावसाच्या आत वर गेली. सगळा पाडा हाताला हात लावून उभा राहिला. खांब, वासे, छपराचे गवत, कणग्या, जाती, सगळे वर नेले. जमनाने एकच गोष्ट नेली नाही. चौकाची भिंत तिने मोडू दिली नाही. "राहू दे," ती म्हणाली. "चिमीचं लगीन हाय तिच्यावर. पाणी आलं तर पाणी बघंल." उघड्या जागेत ती एकटी भिंत दोन खांबांच्या आधाराने उभी राहिली. रामनाथनी हे ओसरीवर बाईंना सांगितले तेव्हा मी ऐकले.

श्रावणात एका पहाटे पाणी आले. पाऊस इतका होता की ओसरीवरून मला समोरचे अंगण दिसत नव्हते. पाड्यावर कुणाला काही झाले नाही. कुणाची कोंबडीसुद्धा वाहून गेली नाही. खालच्या पाच जागा पाण्यात होत्या आणि माणसे वरून ते बघत उभी होती.

पाऊस ओसरल्यावर जमना शाळेत आली. तिच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. ती थेट माझ्याजवळ येऊन बसली. खऱ्या भिंतीवर पाण्याने खूण ठेवली होती. खालचे लिंपण विरघळले होते, कुडाच्या काड्या उघड्या पडल्या होत्या, आणि ते सगळे चौकाच्या खालच्या काठाशी येऊन थांबले होते. भिंतीपाशी उभे राहून जमनाने ती खूण स्वतःच्या अंगाशी लावून पाहिली होती, कमरेला लागली. आता तिने वाटीतल्या तांदळाच्या पिठात काडी बुडवली आणि माझ्यावरच्या आपल्या उंच घरावर तेवढ्या उंचीची एक आडवी रेघ ओढली. मग तीच रेघ शेजारच्या घरांवरून, जमिनीवरून पुढे नेली. काडी धरलेला तिचा हात जराही हलला नाही. त्याच हाताने तिने चिमीचा चौक लिहिला होता.

रामनाथ आले, त्यांनी ती रेघ पाहिली. झारीचे पाणी जिथे पोचले होते त्याहून ती नखभर वर होती. माझ्यावरचे एक नख म्हणजे पाड्यावर कमरेएवढे पाणी. त्यांनी वहीत ती उंची टिपून घेतली. मग म्हणाले, "आता इथून पुढे हीच रेघ धरायची." पुढच्या बंधाऱ्याच्या वेळी त्यांनी घरांची जागा त्या हिशेबानेच ठरवली, असे मी ऐकले.

माझे दिवस मात्र फिरले. पुढच्या वर्षी तपासणीला एक साहेब आले. मला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय ध्यान करून ठेवलंय? घरं नीट करून घ्या." बाईंनी नम्रपणे नाही म्हटले. साहेब गेल्यावर मला ओसरीवरून मागच्या खोलीत हलवले गेले. कुणी कुदळ टेकवते, कुणी पोते ठेवते. माझे दोन ताड मोडले आहेत. टेकडीचा गेरू निघाला आहे. मी देखणा होतो तेव्हा सगळे आले आणि उपयोगाचा झालो तेव्हा मला इथे आणून ठेवले, याचे मला अजूनही थोडे वाईट वाटते. लपवत नाही.

गेल्या वर्षी रामनाथ भेटायला आले होते. त्यांची बदली मुंबईला झाली आहे. त्यांनी बाईंना सांगितले, "तिथे भलंमोठं गणकयंत्र आलंय. पुठ्ठे नकोत, लगदा नको. नुसते आकडे घालायचे. यंत्र आकड्यांचाच ओहोळ करतं, आकड्यांचाच पाऊस पाडतं आणि पाणी कुठवर चढेल ते सांगतं. एक दिवस शाळेतल्या पोरांच्या हातातही असं काही असेल."

बाई कौतुकाने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. पण त्यात जमनाने रेघ कुठे ओढायची?"

रामनाथ हसले नाहीत. "तेच शोधायला हवं," ते म्हणाले.

मी तेव्हापासून त्या यंत्राचा विचार करतो. त्याचा मला हेवा वाटत नाही. उलट, माझा एक धाकटा भाऊ जन्माला आला आहे असे वाटते. तोही देखणा असणार, त्यालाही टाळ्या मिळणार. त्याच्याही कुठल्यातरी कोपऱ्यात काहीतरी पाचपट असणार आणि त्यावर कुणीतरी हौसेने माळ घालणार. त्याच्याशी खेळाल तेव्हा ती माळ जरा बाजूला करा, आणि एकदा पायी ओहोळ ओलांडून जमनाच्या दारापर्यंत जाऊन या. एवढे माझे ऐका.

माझ्या अंगावरची रेघ तांदळाची आहे, म्हणून दरवर्षी मुंग्या ती खाऊन टाकतात. दरवर्षी पाऊस संपला की जमना वाटी घेऊन येते, पोती बाजूला सारते आणि तीच रेघ पुन्हा ओढते. यंदा तिचे हात थरथरत होते, म्हणून चिमी सोबत आली होती. काडी चिमीने धरली आणि जमनाने शेजारी बसून बोटाने उंची दाखवली.

मित्रांनो, कधी ही खोली झाडायला आलात तर माझी धूळ जरूर पुसा. टेकडी पुसा, शेते पुसा, हवे तर 'उंची पाचपट' ही अक्षरे पुन्हा रंगवा. ती पांढरी रेघ मात्र राहू द्या. माझ्यावरचे बाकी सगळे माणसांनी मोजून, कापून, चिकटवून केले आहे. तेवढी रेघ खऱ्या पाण्याची आहे.